सांगडीवरची गाडी

'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आपण भाषणांत आणि लेखांत इतका वापरतो की सांगड ही हाताने करायची एक वस्तू होती, हेच विसरून गेलो आहोत. शेती आणि उद्योगाची सांगड, परंपरा आणि आधुनिकतेची सांगड. आमच्या वारणानगरात तर सहकारावरचं भाषण या शब्दाशिवाय पुरं होत नाही. जुन्या मराठी कोशांत मात्र सांगड म्हणजे शेजारी शेजारी बांधलेल्या दोन होड्या. पोहायला शिकणाऱ्या पोरांसाठी बांधलेले सुके भोपळे, तीही सांगडच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या, मोठे ओंडके एकमेकांना बांधून केलेल्या नावांचा उल्लेख आहे. त्यांचं नाव तो 'संगारा' असं देतो. अनेक अभ्यासकांनी या शब्दाचं नातं सांगडीशी जोडलं आहे.

त्याच किनाऱ्यावरचा दुसरा शब्द कट्टुमरम. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. युरोपियन लोकांनी त्याचं कॅटमरान केलं आणि पुढे पॅसिफिक बेटांवरच्या जोडहोड्यांनाही तेच नाव लावलं. आज कॅटमरान म्हटलं की दोन सडपातळ होड्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे, मध्ये ताणलेली जाळी आणि वर शीड असं चित्र डोळ्यांसमोर येतं. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या होबी ऑल्टर नावाच्या माणसाने वाळूवरून दोघांतिघांनी ढकलून पाण्यात नेता येईल अशी छोटी कॅटमरान काढली आणि ती जगभरच्या किनाऱ्यांवर पोचली. मराठीत तिला नवीन शब्द शोधायची गरज नाही. ती सांगडच आहे.

अशा एका सांगडीचा मागचा दांडा गेल्या पावसाळ्यात आमच्या अब्बांच्या वर्कशॉपमध्ये आला.

वारणानगर समुद्रापासून लांब आहे. आमच्याकडे पाणी आहे ते वारणेचं. चांदोलीच्या धरणातून येणारी, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द आखत हरिपूरला कृष्णेला मिळणारी नदी. पुरात गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं पलीकडे नेणं आमच्या भागाला नवीन नाही. पण शिडाची होडी इथे कुणी चालवत नाही. इथलं काम ऊस आणि दुधाचं. तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर साखर कारखाना उभा केला, मग दूध संघ, बँक, बाजार, शाळा-कॉलेज आणि लहान मुलांचा वाद्यवृंद. या सगळ्याच्या कडेकडेने आमच्यासारखी छोटी वर्कशॉपं वाढली. अब्बा आधी फिटर म्हणून नोकरीला होते. नंतर त्यांनी एक जुना लेथ घेतला, एक ड्रिल मशीन घेतलं आणि कोडोलीच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. उसाच्या ट्रॉल्यांचे ॲक्सल, नांगराचे फाळ, पंपाचे शाफ्ट, डेअरीच्या पाइपांचे जोड, असं काम. घरात आमची बोली दखनी, वर्कशॉपमध्ये मात्र सगळा कारभार कोल्हापुरी मराठीत.

अम्मी रत्नागिरीची. कोकणी मुसलमान आणि घाटावरचे आम्ही, यांच्यात सोयरीक तशी कमीच होते. अम्मीचं लग्न झालं तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली होती म्हणे. त्यांचं जेवण भात-मासळीचं, आमचं भाकरी-रश्श्याचं. त्यांच्या घरात दर पिढीला कुणीतरी खलाशी, तांडेल नाहीतर बोटीवरचा सारंग. माझा मामेभाऊ त्याच घरातला. वीस वर्षं त्याने आखातात काढली. सुरुवातीला बोटी धुण्याचं काम, मग दुरुस्ती, मग शिडाच्या होड्या शिकवणाऱ्या एका क्लबात मदतनीस. परत आल्यावर त्याने साठवलेल्या पैशांतून गोव्याकडून एक जुनी सोळा फुटी कॅटमरान विकत घेतली. भाट्याच्या खाडीच्या मुखाजवळ पावसाळ्यानंतर पर्यटकांना फिरवायचं आणि गावातल्या पोरांना शिडाची विद्या शिकवायची, असा त्याचा बेत. सगळी जमापुंजी त्या होडीत होती. आणि होडीचा ट्रॅव्हलर जाम झाला होता.

ट्रॅव्हलर म्हणजे काय, हे अब्बांना त्याने चहाच्या कपाने आणि करदोट्याने समजावलं. मी इथे शब्दांत सांगते. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवी नळी असते, तिला बूम म्हणतात. वारा भरला की बूम बाहेर जायला बघते. तिला आवरणारी दोरी दोन कप्प्यांतून सहा वेळा फिरून खाली येते. कोकणातले जुने लोक शिडाच्या या दोरीला दामण म्हणतात. दामणीचं खालचं टोक एकाच जागी पक्कं केलं तर काम भागतं, पण नीट भागत नाही. म्हणून मागच्या दांड्यावर या होडीपासून त्या होडीपर्यंत एक रूळ बसवतात. रुळावर चार चाकांची, मुठीत मावेल एवढी गाडी. दामणीचा खालचा कप्पा त्या गाडीत अडकवतात. ही गाडी म्हणजे ट्रॅव्हलर. तिला धरून ठेवायला एक बारीक दोरी आणि ती दोरी दाबून धरणारा दातेरी चाप.

"आता बघा फुफा," भाऊ म्हणाला, "झोत आला. मी दामण सैल सोडली तर बूम बाहेर जाते, पण ती वरही उचलली जाते. शीड वरच्या अंगाला पिळतं. दामण तशीच ताठ ठेवून नुसती गाडी सोडली तर शिडाचा आकार मोडत नाही. सगळं शीड तेवढं वाऱ्यापासून बाजूला सरतं."

"म्हणजे जोर तोच, दिशा बदलली," अब्बा म्हणाले.

"हां. आणि सांगड रुंद असते. आठ फूट रुंदीचा रूळ मिळतो. एका होडीला एवढी जागा कुठली?"

"आणि गाडी जाम असली तर?"

"तर एका अंगाची होडी पाण्यातून उचलली जाते. वेळेत दामण सुटली नाही तर उलटी."

अब्बांनी दांडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. ॲल्युमिनियमचा पोकळ दांडा, वर त्याच धातूचा रूळ. रूळ बसवायला मुळात रिव्हेट होते. त्यातले काही निसटल्यावर मागे कुणीतरी, कुठल्यातरी किनाऱ्यावर, हाताला लागले ते लोखंडी स्क्रू ठोकून दिले होते. त्या स्क्रूंच्या भोवती ॲल्युमिनियमचं पांढरं पीठ झालं होतं. भोकं लांबोळकी झाली होती. एका टोकाला रुळाची कड वर उचलली होती. गाडीची चाकं झिजून एका बाजूने सपाट झाली होती, एक तर फिरतच नव्हतं. आणि एका टोकाचा अडसर, जो गाडीला रुळावरून बाहेर जाऊ देत नाही, तो नव्हताच. त्या जागी दोरीची एक गाठ होती.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट कुठली, असं मी विचारलं. मी जाम झालेलं चाक म्हणेल असं समजत होते. भाऊ म्हणाला, "तो अडसर. वारा पाठीमागून असताना होडी वळवली की शीड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर धाडकन जातं. त्याच्याबरोबर गाडी रुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. तिथे अडसर नसेल तर ती रुळाबाहेर निघून जाते. मग बूम, कप्पे, सगळं मोकळं फिरतं. त्या वेळी जाळीवर पोरं बसलेली असतात."

पुढचे दीड महिने या दांड्यावर काम झालं. माझं काम टिपणं काढायचं. अब्बांना बारीक आकडे दिसत नाहीत. ते कॅलिपर लावायचे, मी वाचायचे आणि वहीत लिहायचे. कॉलेजातला तास संपला की मी तिकडे जायचे. त्यामुळे काय घडलं ते नीट सांगू शकते.

पहिलं काम स्क्रू काढायचं. खाऱ्या पाण्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की त्यांची आपोआप बॅटरी तयार होते. दोन वेगळे धातू आणि मध्ये मीठ-पाणी, एवढं पुरतं. त्यात ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं आणि त्याची जी पूड होते ती स्क्रूला सिमेंटसारखी पकडून बसते. पिळून काढायला गेलं की डोकं तुटतं. अब्बांनी आठवडाभर रोज प्रत्येक स्क्रूवर तेल सोडलं, रोज हलके ठोके दिले. तरी निम्मे निघाले नाहीत. त्यांची डोकी ड्रिलने उडवून रूळ वेगळा केला आणि मग राहिलेले खुंट एकेक करून पोखरून काढले.

मग रुळाला भेग आहे का ते बघायचं होतं. त्यासाठी अब्बांनी रुळावर रॉकेल लावलं, थोड्या वेळाने कापडाने कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत ओली रेघ उमटवतं. बैलगाडीच्या आसाची भेग ते अशीच शोधायचे. एक रेघ उमटली, अगदी टोकाला, बोटभर लांबीची. तेवढा तुकडा कापून टाकला. रूळ बोटभर आखूड झाला, पण अडसराला पक्की जागा मिळाली. वाकलेली कड लाकडाचे ठोकळे लावून शेगड्यात थोडी थोडी दाबत चार दिवसांत सरळ केली. एकदम दाबली असती तर तुटली असती.

खरा वाद झाला तो रूळ परत बसवण्यावरून. माझा धाकटा भाऊ वेल्डर आहे. उत्तम वेल्डर आहे, असं त्याच्या हाताखाली काम केलेले सांगतात. ॲल्युमिनियम वेल्ड करणं सोपं नसतं, त्याला ते येतं. कतारमधल्या एका शिपयार्डात त्याची निवड झाली होती. व्हिसाचे कागद यायचे होते. नोव्हेंबरच्या आत जावं लागणार होतं. तो म्हणाला, "अब्बा, एवढं कशाला? मी रूळ दांड्याला वेल्ड करून टाकतो. एका दुपारचं काम. स्क्रू नाही, रिव्हेट नाही, गंज नाही."

अब्बा नाही म्हणाले. तसं ते बऱ्याच गोष्टींना नाही म्हणतात, त्यामुळे धाकटा चिडला. "तुम्हाला माझं काम कधी पटलंय?"

"तुझ्या कामाचं नाही. या मालाचं. हा दांडा कडक केलेला आहे. तापवलास की जोडाजवळ नरम पडतो."

हे खरं आहे. अशा दांड्यांचं ॲल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं असतं. वेल्डिंगची उष्णता ती प्रक्रिया पुसून टाकते आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना पट्टा कमकुवत होतो. मामेभावाने आखातात असा वेल्ड केलेला दांडा पाण्यात मोडलेला पाहिला होता. तसं तो म्हणाला, पण हळूच, कारण बापलेकाच्या मध्ये पडायचं नव्हतं. धाकटा गाडी काढून निघून गेला.

दोन दिवस तो वर्कशॉपकडे फिरकला नाही. पोळ्याचे दिवस होते, ट्रॉल्यांची कामं यायला लागली होती. साखर कारखान्यांचं गाळप सुरू होण्याआधीचे हे आठवडे आमच्याकडे सगळ्यात गर्दीचे. दांडा भिंतीला टेकून उभा होता. मामेभाऊ रोज फोन करायचा, पण कधी होणार असं विचारायचा नाही. हवापाणी विचारायचा, अम्मीशी बोलायचा आणि ठेवून द्यायचा. न विचारण्यातलं ओझं मला कळत होतं. अब्बांनाही कळत असणार.

अडचण अशी होती. जुनी भोकं मोठी झाली होती, तिथे पुन्हा रिव्हेट बसला नसता. नवीन भोकं मधल्या जागेत पाडता आली असती, पण दांड्याची भिंत पातळ, आटे धरायला जाडी पुरत नाही. आतून नट लावावा तर पोकळीत हात जात नाही. तिसऱ्या दिवशी धाकटा आला तो एक लांब ॲल्युमिनियमची पट्टी खांद्यावर घेऊन. कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन आला होता. म्हणाला, "ही दांड्याच्या तोंडातून आत सरकवायची. आधीच भोकं पाडून आटे कापून ठेवायचे. वरून स्क्रू आला की दांडा मध्ये आवळला जातो. आत नट नको, हात नको."

अब्बांनी पट्टी हातात घेतली, दांड्याच्या तोंडाशी लावून बघितली, जाडी मोजली. मला आकडा लिहायला सांगितला. मग म्हणाले, "कडा गोल कर. नाहीतर आतून दांडा घासेल."

आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

स्क्रू स्टेनलेसचे घेतले. दूधधंद्यामुळे आमच्याकडे स्टेनलेसची जाण बऱ्यापैकी आहे. ३०४ आणि ३१६ या दोन जातींतला फरक कुठलाही डेअरी फिटर सांगेल: ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ती मिठाला जास्त काळ दाद देत नाही. आपण घेतोय तो ३१६ आहे की नाही हे चुंबक लावून कळत नाही, त्यासाठी माणूस ओळखीचा लागतो. पण चांगलं स्टेनलेससुद्धा ॲल्युमिनियमला भिडलं की बॅटरी ही होतेच. म्हणून प्रत्येक भोकात झिंक क्रोमेटचा प्रायमर, स्क्रूच्या डोक्याखाली प्लास्टिकचं वॉशर, आणि रूळ व दांडा यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी. हा प्रायमर विषारी असतो, हातमोजे घालून लावायचा आणि वाळल्यावर घासून उडवायचा नाही, हे धाकट्याने मला दोनदा बजावलं. जुनी भोकं इपॉक्सीने भरली, नाहीतर पाणी आत जाऊन बसलं असतं.

चाकं अब्बांनी स्वतः लेथवर केली. नायलॉन स्वस्त मिळतो, पण तो पाणी पितो आणि फुगतो. फुगला की चाक पुन्हा जाम. म्हणून डेल्रिनची पांढरी कांडी आणली. ते पाणी जवळजवळ पीतच नाही. आठ चाकं केली, चार लावायला आणि चार जवळ ठेवायला. प्रत्येक चाक आसावर बोटाच्या टिचकीने किती वेळ फिरतं ते बघत होते. दोन चाकं बाद केली आणि परत केली. दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचे ठोकळे अडसर म्हणून बसवले, त्यांच्या तोंडाला ट्रॉलीच्या जुन्या रबरी बफरचा तुकडा.

काम चालू असताना मामेभाऊ दोनदा येऊन राहून गेला. एका रात्री जेवणं झाल्यावर धाकट्याने त्याला विचारलं, "भाई, तिकडं कसं असतं? खरं सांग."

तो लगेच बोलला नाही. मग त्याने पगार सांगितला, सुरुवातीचा आणि शेवटचा. एका खोलीत आठ जण राहायचो हे सांगितलं. उन्हाळ्यात दुपारी हातात पाना धरवत नाही, हे सांगितलं. म्हणाला, "अब्बा गेले तेव्हा दोन दिवस तिकीट मिळालं नाही. जनाज्याला पोचलो नाही." आणि थोड्या वेळाने, "पण बहिणींची लग्नं त्याच पैशांवर झाली. घर त्याच पैशांवर झालं. ही होडीपण. जा किंवा जाऊ नको, मी सांगणार नाही."

आखातावर आपल्या समाजात एकतर स्वप्नाळू बोललं जातं नाहीतर रडवेलं. दोन्ही बाजूंचे आकडे एका दमात मांडणारं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. अब्बा पलीकडे रेडिओ ऐकत होते. रेडिओचा आवाज त्यांनी कमी केलेला होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस ओसरला आणि आम्ही दांडा घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला गेलो. होडी खाडीकाठी माडाखाली उलटी करून ठेवली होती. जोडणीचा क्रम असा: दोन्ही होड्या समांतर ठेवायच्या, पुढचा आणि मागचा दांडा बसवायचा, आणि बोल्ट लगेच आवळायचे नाहीत. आधी दोन्ही कर्ण दोरीने मोजायचे. पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखे आले की सांगड गुण्यात आहे. मगच आवळायचं. अब्बांना हे फार आवडलं, कारण ट्रॉलीची चौकटही ते अशीच तपासतात.

त्यानंतर जाळी दोरीने ओढून ताणली, डोलकाठी उभी केली, तिचे तिन्ही ताण लावले. गाडी रुळावर चढवली, अडसर बसवला, आणि मग गाडीत दामणीचा कप्पा अडकवला. दामणीचंच दुसरं टोक गाडीच्या चापातून नेऊन ट्रॅव्हलरची दोरी केली. एकच दोरी, एका टोकाला शीड आणि दुसऱ्या टोकाला गाडी. त्यामुळे सुटं टोक पाण्यात लोंबकळत नाही आणि अंधारातही हात योग्य दोरीवर पडतो. दोन्ही टोकांच्या जागी आठाची गाठ.

पाण्यात न्यायच्या आधी जमिनीवरच परीक्षा घेतली. नाळ वाऱ्याच्या तोंडाला धरून शीड चढवलं. दामण जोराने आवळली. मामेभाऊ आणि धाकटा, दोघे बूमला लोंबकळले, आणि अब्बांनी चापातली दोरी सोडली. गाडी सरकली. ओढली, परत आली. दोघांना बाजू बदलायला लावून पुन्हा. असं दहा-बारा वेळा. मग त्यांनी वाकून प्रत्येक स्क्रूवर नखाने बघितलं, एखादा हलतोय का. कुठलाच हलत नव्हता.

काठावर वस्तीतली पोरं जमली होती. मामेभाऊ आणि धाकटा होडी घेऊन खाडीच्या मुखाकडे गेले. वारा मध्यम होता. दोनदा झोत आला, दोनदा गाडी वाऱ्याच्या उलट बाजूला गेली आणि उचललेली होडी परत पाण्याला टेकली. मग वारा पाठीवर घेऊन मामेभावाने सुकाणू फिरवलं. शीड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेलं. गाडी आठ फुटांचा रूळ धावली आणि अडसरावर आपटली. तो आवाज काठापर्यंत आला. ठक्क, एवढाच. अब्बांनी धरून ठेवलेला श्वास सोडला आणि माझ्याकडे वही मागितली. तारीख घालून लिहिलं, 'अडसर: ठीक. रबर दर सहा महिन्यांनी बदलणे.'

निघताना त्यांनी मामेभावाला एकच गोष्ट सांगितली. रोज संध्याकाळी रूळ आणि गाडी गोड्या पाण्याने धुवायची. ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. पावसाचं माहेर असलेल्या कोकणात एप्रिल-मे मध्ये कित्येक वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. मामी म्हणाली, "भांडी घासलेलं दुसरं पाणी वापरलं तर चालेल?" अब्बा म्हणाले, मीठ नसलेलं कुठलंही पाणी चालेल. तेव्हापासून त्या घरात भांडी विसळलेलं पाणी होडीसाठी बादलीत जमा होतं.

धाकटा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कतारला गेला. जाताना त्याने आपले वेल्डिंगचे हातमोजे आणि काच वर्कशॉपच्या खिळ्याला लावून ठेवले. अब्बांनी ते तिथून हलवले नाहीत. तो शुक्रवारी फोन करतो. नमाजनंतर. तिथल्या वेल्डिंगचे फोटो पाठवतो आणि अब्बा ते मोठे करून बघतात, जोडाची रेघ सरळ आहे का.

आता लेथवर अब्बांच्या हाताखाली मामेभावाचा मुलगा आहे. सतरा वर्षांचा. बापाची होडी बापानेच दुरुस्त करायची तर त्याला वारणानगरला यावं लागणार नाही, एवढं शिकून घे, असं सांगून पाठवलाय. पोरगा हुशार आहे, पण त्याची आणि गिऱ्हाइकांची भाषा अजून जुळलेली नाही. पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी येऊन म्हणाला, "नांगर आणलाय, दुरुस्त करून द्या." पोरगा बाहेर गेला, ट्रॉलीभोवती फिरून आला आणि म्हणाला, "नांगर कुठे आहे? इथे तर शेताचं काहीतरी आहे."

त्याच्या गावात नांगर म्हणजे होडी जागेवर धरून ठेवणारा. आमच्याकडे नांगर म्हणजे जमीन उकरणारा. मी त्या दोघांना सांगितलं की हे दोन वेगळे शब्द आहेत. शेतातला नांगर संस्कृतातल्या लांगलापासून आला आणि होडीवरचा फारसीतल्या लंगरापासून. सुकाणूही तसंच, अरबी सुक्कानपासून. वेगवेगळ्या वाटांनी आले आणि मराठीत येऊन एकसारखे झाले. शेतकऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असू दे की बाई. पण माझा हा पेरणीच्या आधी पाहिजे."

पोरगा वाकून फाळाचे बोल्ट सोडायला लागला. एक निघत नव्हता. त्याने अब्बांकडे बघितलं. अब्बा म्हणाले, "तेल सोड. उद्या बघू."